मोजफळीवरचा दुसरा हात

शनिवार, ४ ऑक्टोबर. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. अन्याय नेमका किती वाजता झाला हे ज्याला सांगता येत नाही, त्याची तक्रार कोणी वाचत नाही, हे मी नोकरीत चौतीस वर्षं पाहिलं. तर आज अकरा वाजून वीस मिनिटांनी, सामानाच्या गाडीतून उतरून, धाकट्याने ‘तुझ्यासाठी रिकामी करून ठेवलीय’ म्हणून सांगितलेल्या खोलीचं दार मी उघडलं, तर माझ्या आधी तिथे एक होडी राहायला आली होती. बारा फूट लांब, पिवळीजर्द, प्लास्टिकची. खाटेवर तिचं नाक, खिडकीत तिचं शेपूट. माझं पुस्तकांचं कपाट मात्र व्हरांड्यात उभं, उपाशी पाहुण्यासारखं.

मी म्हटलं, ही कोण? तर छप्पन्न वर्षांचा माझा धाकटा भाऊ शाळेतल्या पोरासारखा लाजला. म्हणाला, ताई, हिला होडी म्हणू नकोस, कयाक म्हण. मी म्हटलं, तू तिला काहीही म्हण, पण माझ्या खाटेवरून उठायला सांग.

दुपारपर्यंत कयाक परसात गेली, कपाट आत आलं. चहा झाला. खरं सांगायचं तर मी खूश आहे. भावजय गेल्यापासून तीन वर्षं हा एकटा राहिला, मी तिकडे एकटी. दोघांनी वेगवेगळ्या गावांत एकेका माणसापुरती डाळ शिजवण्यात काय शहाणपणा होता? घर छोटं पण उजेडाचं आहे. खिडकीतून तलाव दिसतो. पाणी इतकं स्थिर की कोणीतरी इस्त्री करून ठेवल्यासारखं.

रविवार, ५ ऑक्टोबर

हे लोक दर रविवारी पहाटे कयाकमधून मासे धरायला जातात. क्लब आहे त्यांचा. आज मीही धक्क्यावर गेले, बघायला.

एका माणसाला मासा धरायला किती सामान लागावं? बसायच्या जागेमागे प्लास्टिकचं खोकं, त्यात चार नळ्या, प्रत्येक नळीत एक गळाची काठी. पाण्याखाली काय आहे ते दाखवणारं छोटं यंत्र. माशाच्या तोंडातून गळ काढायची लांब पक्कड. हातातून निसटू नये म्हणून वल्ह्याला दोरी, पक्कडीला दोरी, चष्म्यालाही दोरी. मी म्हटलं, तुम्हाला कुणाच्या गळ्यात दोरी बांधून कुठे सोडायचं राहिलंय का? सगळे हसले. दातांचे डॉक्टर सगळ्यांत मोठ्यांदा हसले. सभ्य माणूस दिसला. उंच, जाड मिशीचा, बोलता बोलता समोरच्याचे दात बघायची सवय असलेला.

मासे घरी आणत नाहीत हे मला आज कळलं. मांडीवर सत्तर सेंटिमीटरची एक फळी आडवी ठेवतात, तिला मोजफळी म्हणतात. डावीकडच्या टोकाला शून्य, तिथे उभी कड. माशाचं तोंड त्या कडेला टेकवायचं, डाव्या हाताने डोकं दाबून धरायचं, उजव्या हाताने मोबाइलवर फोटो काढायचा, मासा परत पाण्यात. फोटोवरून लांबी ठरते, लांबीवरून नंबर. फोटो काढायच्या आत मासा उसळून गेला, तर तो धरलाच नाही असं समजतात. धाकट्याचे म्हणे दहातले सहा असे उसळून जातात. तो बारा जणांत कायम शेवटचा असतो. लहानपणीही असाच होता.

बुधवार, ८ ऑक्टोबर

मला काम मिळालं! क्लबच्या सेक्रेटरीचं गळ-काठ्यांचं दुकान आहे. धाकट्याने तिथे फुशारकी मारली, की माझी बहीण वजनमापे खात्यात निरीक्षक होती, तिने अर्ध्या जिल्ह्याचे काटे जप्त केलेत. सेक्रेटरी लगेच म्हणाले, ताई, आमचे फोटो तपासाल का? आधीच्या तपासनिसांनी काम सोडलं. का सोडलं विचारलं, तर म्हणाले, डोळे दुखत होते.

नियम छापील आहेत, ते बरं. पूर्ण फळी दिसली पाहिजे. जुना फोटो खपवू नये म्हणून त्या सकाळी वाटलेली खुणेची चिठ्ठी दिसली पाहिजे. नियम सात: मासा धरताना दुसऱ्या माणसाची मदत घेता येणार नाही. नियम अकरा जरा विचित्र वाटला: यादीत कायम बाराच नावं असतील, ज्याला सोडायचं असेल त्याने आपल्या जागी दुसरं नाव लिहून द्यावं. मी म्हटलं, अकरा असले तर काय बिघडतं? सेक्रेटरी काउंटरवरच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर गुडघ्यावर बसून आमच्या स्कर्टची लांबी फूटपट्टीने मोजायच्या. अर्धा इंच कमी भरला तरी घरी. तेव्हा राग यायचा. पुढे पोट त्याच फूटपट्टीवर भरलं.

रविवार, १२ ऑक्टोबर

पहिलाच दिवस आणि पहिलाच लबाड पकडला. तोही दातांचे डॉक्टर!

दुकानातल्या टेबलावर बसून एकतीस फोटो तपासले. डॉक्टरांचा मासा अठ्ठावन्न सेंटिमीटर, सगळ्यांत मोठा. डावीकडे शून्यापाशी त्यांचा हात, घड्याळासकट. आणि उजवीकडून, शेपटीच्या बाजूने, आणखी एक हात. बोटांची टोकं बरोबर एक्कावन्नच्या रेघेवर. गोरटा, सुजलेला, खूप वेळ कपडे धुतल्यावर बोटं होतात तसा सुरकुतलेला. मनगटापुढे काही दिसत नाही, फोटो तिथे संपतो.

म्हणजे शेजारी दुसरी कयाक लावून कोणीतरी शेपूट धरली होती. नियम सात. फोटो बाद. लाल पेनाने लिहिलं आणि सही ठोकली.

सोमवार, १३ ऑक्टोबर

डॉक्टर दुकानात आले. चिडतील असं वाटलं होतं, चिडले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, की बाई, माझ्या जवळपास कोणीही नव्हतं, जवळची कयाक हाकेच्या अंतरावर होती. मी म्हटलं, मग तो हात काय माशाच्या मावशीचा? ते हसले नाहीत. फोटो बघता बघता त्यांनी स्वतःचं उजवं मनगट डाव्या हातात घेतलं आणि जाईपर्यंत सोडलं नाही.

सेक्रेटरी म्हणाले, जाऊ द्या ताई, पुढच्या वेळी एवढं बारीक नका बघू. मला! एवढं बारीक नका बघू!

रविवार, १९ ऑक्टोबर

डॉक्टरांच्या फोटोत पुन्हा तोच हात. या वेळी चौतीसवर. माझ्या सवयीने वहीत आकडा लिहिला. फोटो मोठा करून पाहिला: नखांच्या कडांना हिरवट काहीतरी. जिवंत माणूस एवढी अस्वच्छ नखं ठेवून लोकांच्या कामात हात घालत असेल, तर त्याला आधी साबण द्यायला हवा.

बाद केला. डॉक्टर काही बोलायला आले नाहीत.

धाकट्याला आज एकही मासा मिळाला नाही.

रविवार, २६ ऑक्टोबर

आज जे केलं ते चौतीस वर्षांत केलं नव्हतं. लिहून ठेवते.

डॉक्टरांचा हात — म्हणजे तो हात — बारावर. बाद.

आणि धाकट्याचे तीन मासे. तिन्ही मोठे. उसळून एकही गेला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा पहिला नंबर. धक्क्यावर बाकीच्यांनी त्याला उचलून घेतलं. तो माझ्याकडे बघत होता, जसा लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवताना आईकडे बघायचा. भावजय गेल्यानंतर हा माणूस असा हसलेला मी पाहिलाच नव्हता.

तिसऱ्या फोटोत, उजवीकडून, चव्वेचाळीसवर, चार बोटं.

मी फोटो मंजूर केला. शेरा लिहिला: नियमाप्रमाणे. खाली सही केली. पेन थांबलंसुद्धा नाही.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

दोन दिवस गप्प बसले, आज विचारलं. धाकटा भाजी चिरत होता. मान वर न करता म्हणाला, की ताई, कुणालाही विचार, पाण्यात असताना काही दिसत नाही. फोटोतच दिसतं. फक्त मासा हलायचा थांबतो. कुणीतरी धरून ठेवल्यासारखा. आपण निवांत फोटो काढायचा.

म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. मी विचारलं, आणि तुला भीती नाही वाटली? म्हणाला, वाटली ना. पण मासा हलत नव्हता गं.

मी म्हटलं, येत्या रविवारी जायचं नाही. तो म्हणाला, पहिल्या नंबराच्या माणसाने जायचं नाही? लोक काय म्हणतील? आणि तूच तर मंजूर केलास.

रविवार, २ नोव्हेंबर

डॉक्टर परत आले नाहीत.

अकरा कयाक धक्क्याला लागल्या. बारावी तलावाच्या मधोमध सापडली, सरळ, बसायची जागा कोरडी. काठ्या नळ्यांत. वल्हं आपल्या दोरीला. लाइफ जॅकेट बंद बक्कलांसह जागेवर बसलेलं, आत माणूस नाही. पोलीस आले, पाणबुडे आले, संध्याकाळपर्यंत शोधलं.

त्यांचा फोटो मला नऊ चाळीसला आला होता. मासा नीट, तोंड कडेला टेकलेलं. मासा कोणीच धरलेला नाही. डॉक्टरांचा हात शून्यापाशी, घड्याळासकट, आणि त्यांच्या मनगटाभोवती तो दुसरा हात. घट्ट. कातडीत बोटं रुतेपर्यंत घट्ट.

सेक्रेटरी म्हणाले, हृदयविकार असणार. मग घसा खाकरून विचारतात, की ताई, फोटो मंजूर करायचा का? हंगामातला सगळ्यांत लांब मासा आहे, त्यांच्या बायकोला बरं वाटेल.

मी त्यांना जे म्हटलं ते सिस्टरांनी ऐकलं असतं तर माझं तोंड साबणाने धुतलं असतं.

धाकटा एकतीसवर.

बुधवार, ५ नोव्हेंबर

पोलीस चौकीत फोटो दाखवला. हवालदाराने दोनदा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, आजी, आजकाल मोबाइलवर काहीही करता येतं.

दुकानात गेल्या वर्षीची फाइल काढून बसले. गेल्या वर्षी पोस्टमास्तर होते यादीत. त्यांचे फोटो ओळीने लावले. हात अठ्ठेचाळीस. सदतीस. सव्वीस. चौदा. तीन. त्यानंतर पोस्टमास्तरांचा फोटो नाही, यादीत नावही नाही. आधीच्या तपासनिसांनी प्रत्येक फोटोवर लिहिलंय: नियमाप्रमाणे. शेवटच्या सहीचं अक्षर वेडंवाकडं.

शेवटच्या, तीनच्या फोटोत फळीखाली पाणी नाही, मांडी नाही. फरशी आहे, स्वयंपाकघरातली. म्हणजे मासा घरी नेऊन मोजला, लबाडी. एवढंच तेव्हा मनात आलं.

डॉक्टरांच्या जागी आज नवं नाव आलं. बारा पूर्ण.

रविवार, ९ नोव्हेंबर

वल्हं लपवलं होतं, माझ्या कपाटामागे. मी आंघोळीला गेले तेवढ्यात त्याने शेजाऱ्याचं मागून नेलं.

अठरा.

आल्यावर मीच त्याला फोटो दाखवला, बोट ठेवून आकडा वाचून दाखवला, तिन्ही आठवड्यांचे आकडे — चव्वेचाळीस, एकतीस, अठरा, वजाबाकी तूच कर म्हटलं. दर वेळी तेरा. त्याने केली. मग बराच वेळ नळाखाली हात धुत राहिला. म्हणाला, ताई, मी आता जाणार नाही.

मोजफळी मी परसात दगडाने फोडली. तुकडे जाळले.

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळपासून दाराला आतून कुलूप. किल्ली माझ्या कमरेला. धाकट्याचा मोबाइल बंद करून माझ्या कपाटात, कपाटाला कुलूप. तो माझ्यासमोर खुर्चीत, चहाचा कप हातात. मी त्याच्यावरून नजर काढली नाही.

नऊ दहाला माझा मोबाइल वाजला. त्याच्या नंबरवरून फोटो.

मोजफळी. फोडलेली, जाळलेली, ती. खाली आमची फरशी — खिडकीपाशी तडा गेलेली. मासा नाही. शून्यापाशी धाकट्याचा हात, आणि पाचवर —

मी वर पाहिलं. तो समोरच होता. कप खाली ठेवून मनगट चोळत होता. म्हणाला, ताई, गार लागतंय इथे. मनगटावर चार पांढरे पट्टे.

पोस्टमास्तरही घरीच बसले होते. आता कळलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सेक्रेटरींना त्यांच्याच दुकानात, काउंटरच्या आतल्या बाजूला जाऊन उभं केलं. खरं सांगितल्याशिवाय हलणार नाही म्हटलं. खुर्चीवर बसले आणि रडले. पन्नाशीतला माणूस.

म्हणाले, मला काही कळत नाही हो ताई, मी यादी सांभाळतो फक्त. एका वर्षी अकराच उतरले होते. परत नऊ आले. तेव्हापासून जागा रिकामी ठेवत नाही. क्लब बंद केला तर बाराही जणांचं काय होईल, सांगता येत नाही. घरी बसून उपयोग नसतो. ज्याच्या जागी दुसरं नाव लेखी येतं, तो सुटतो. दोघं सुटलेत तसे. नाव मात्र देणाऱ्याच्या स्वतःच्या अक्षरात हवं, मग देणारा कोणीही असो.

आणि ते दुसरं नाव? मी विचारलं.

ते गळांच्या डब्या लावत बसले.

धाकट्याला यातलं काही सांगितलेलं नाही. मनगटाला मफलर गुंडाळून बसतो. जेवत नाही. काल म्हणाला, ताई, तू आली नसतीस तर बरं झालं असतं, तुला हे बघावं लागलं नसतं.

आलेच नसते तर तो फोटो मंजूर करायलाही मी नसते.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सेक्रेटरींना आज हातोहात दिलेल्या पत्राची नक्कल. पोच घेतली आहे.

“महाशय, दिनांक २६ ऑक्टोबर रोजी माझ्या भावाच्या फोटोत दुसरा हात स्पष्ट दिसत असताना मी तो जाणूनबुजून मंजूर केला. ही चूक माझी आहे, त्याची नाही. त्या दिवशी बाद केला असता, तर तो हिरमुसून घरी बसला असता, आणि कदाचित त्याच दिवशी सुटला असता. नियम अकरानुसार त्याचं नाव यादीतून कमी करून त्या जागी माझं नाव घालावं. मला कयाक चालवता येत नाही. पोहताही येत नाही. नियमांत तशी अट नाही, मी पाहिलं आहे. हे ज्यांच्यापर्यंत पोचायला हवं त्यांच्यापर्यंत पोचवावं, आणि मान्य की अमान्य याचं उत्तर मला शनिवार, दिनांक २२ रोजी संध्याकाळी पाचच्या आत लेखी मिळावं. तोंडी निरोप चालणार नाही.”

शनिवार, २२ नोव्हेंबर. दुपारी चार चाळीस.

उत्तर नाही. दुकान बंद. सेक्रेटरी फोन उचलत नाहीत.

चार पंचेचाळीस. धाकट्याने आतून हाक मारली. मफलर सोडलाय म्हणाला. पट्टे गेले म्हणाला. ताई, हात गरम झाला बघ — हसतोय. भूक लागली म्हणतो. भांड्यांचा आवाज येतोय.

देवा. बरं झालं.

चार पन्नास. हे काही लेखी उत्तर नव्हे. मला कागद हवा आहे. त्याचं नाव काढल्याचा, सहीचा. त्याशिवाय मी —

खिडकी उघडी आहे. वारा आहे, पडदा उडतोय. मघापासून वहीची पानं फडफडत होती, डाव्या हाताने दाबून लिहीत होते. आता चष्मा पुसायला डावा हात उचलला —

पान हलत नाही.

उजवी कड ओली होतेय. शाई पसरतेय तिथे. चार ठिकाणी.

वर बघणार नाही. लिहीत राहीन. तुम्ही कोण आहात ते मला माहीत नाही. चार त्रेपन्न झालेत, अजून सात मिनिटं आहेत. त्याचं नाव कमी केलंय असं लिहून द्या. इथेच, या पानावर लिहा, पाचच्या आत. मी लेखी मागितलं होतं. आधी हात बाजूला घ्या आणि लेखी —